सड्यावरची टाकी

मी विमानतळ बांधतो. हे सांगितलं की समोरच्या माणसाची मान आधी आदरानं झुकते, मग त्याची नजर माझ्या पायातल्या चपलांवर जाते आणि मान परत जागेवर येते. "कुठं बांधताय?" "कोकणात, समुद्रकाठी." "मग मिरजेत कसे?" "मिरजेतूनच बांधतो. माडीवरच्या खोलीत." एवढं झालं की त्याला हमखास कुठल्यातरी दवाखान्यात डबा पोचवायचा असतो. मिरजेत ही सबब बारा महिने चालते.

सोपं करून सांगतो. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक प्रकार असतो. त्याला खेळ म्हणायचं नाही, उडवणाऱ्यांना राग येतो. सिम्युलेटर म्हणायचं. त्यात अख्खं जग असतं, पण नीट केलेले विमानतळ मोठ्या शहरांचे. आपल्याकडच्या लहान विमानतळाच्या जागी एक करडी पट्टी आणि जगात कुठंही खपेल अशी एक पत्र्याची शेड ठोकलेली असते. मग आमच्यासारखे लोक त्या जागेचा हुबेहूब देखावा तयार करतात. इमारत, कुंपण, झाडं, जमिनीचा चढउतार, दगडाचा रंग, सगळं. त्याला सीनरी म्हणतात. ती ऑनलाइन दुकानातून विकत घेऊन आपल्या मशीनवर बसवायची, की घरबसल्या त्या विमानतळावर उतरता येतं. उतरून काय करायचं ते मला विचारू नका. उतरतात आणि परत उडतात. ज्यांना गल्लीत स्कूटर वळवताना दोन्ही पाय टेकावे लागतात ते लोक रोज संध्याकाळी दोनशे माणसांचं विमान उतरवतात, आणि वर मला कळवतात की तुमच्या धावपट्टीवरचे पांढरे पट्टे जरा जास्तच पांढरे आहेत.

त्याआधी बत्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत नकाशे काढले. ट्रेसर म्हणून लागलो, आरेखक म्हणून सुटलो. पाटाचे छेद, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या. नकाशा पुरा झाला की खाली लिहायचं, 'जागेवरील स्थितीप्रमाणे बरोबर', आणि सही करायची. साहेब लोक न वाचता सह्या करायचे. आम्ही वाचून करायचो, कारण चूक निघाली की साहेबांची बदली व्हायची आणि आमची चौकशी.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, कामातल्या गमतीजमती लिहा. लिहितो. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती लिहायची म्हणूनच मी हो म्हणालो. मी बांधलेल्या एका टाकीमुळे एका पोरीची विमानाची चाचणी बुडाली. ती टाकी कोकणात कुठंही नाही.

आधी जागा समजून घ्या. कोकणात डोंगरमाथ्यावर जो सपाट कातळ असतो त्याला सडा म्हणतात. हा विमानतळ अशाच एका सड्यावर आहे. पश्चिमेच्या टोकाला समुद्र, पूर्वेला थोडं पुढं गेलं की सह्याद्रीच्या रांगा. दगड जांभा. पावसात हिरवागार, दिवाळीला पिवळा, उन्हाळ्यात करपलेल्या भाकरीच्या रंगाचा. मी एसटीनं तीन वेळा जाऊन तिन्ही रंग आणले. दर्शनी भागाचे फोटो काढायला रीतसर अर्ज करून परवानगी घेतली, आणि इमारतीची उंची कुणी सांगेना म्हणून समोर उभा राहून भिंतीवरच्या फरशा मोजायला लागलो. फरशी दोन फुटांची, म्हणजे हिशेब सोपा.

दारावरचा गार्ड माझ्याच वयाचा होता. बराच वेळ बघून जवळ आला. "काय मोजताय?"

"फरशा."

"मिरजेहून आलात, फरशा मोजायला?"

कागद दाखवला. त्यानं तो उलटा, सुलटा वाचला, मग माझ्या शेजारी उभा राहून स्वतःही मोजल्या. त्याची एक फरशी कमी भरली. आम्ही दोघांनी परत मोजल्या, तर त्याचंच बरोबर निघालं. खालची एक मी दोनदा धरली होती. या धंद्यात मला भेटलेला हा एकमेव माणूस, ज्यानं बोलायच्या आधी मोजून बघितलं.

बाकीच्यांचं काय सांगू. परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं लिहिलं, सीनरी छान आहे पण धावपट्टीवर गाई का नाहीत? मी कळवलं, कुंपण आहे. त्याचं उत्तर आलं, मग कुंपणाला एक भोक पाडा. दुसऱ्याला समुद्र जास्त निळा हवा होता, कारण त्याच्या पडद्यावर तो शोभत नव्हता. अरबी समुद्रानं आता याच्या पडद्याला विचारून रंग घ्यायचा!

आणि आमचे कॅप्टन. हे पुण्याचे. बँकेत होते, विमानाशी संबंध खिडकीजवळच्या सीटपुरता. पण घरातली एक खोली त्यांनी कॉकपिट केली आहे आणि तिथं बसताना खांद्यावर चार पट्ट्यांचा पांढरा शर्ट घालतात. फोटो पाठवला होता, नको म्हणत असताना. फोनवर बोलताना मागून बायको "अहो, चहा" म्हणाली, तर हे तिला म्हणाले, "लँडिंगनंतर." माझी पहिली आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी चुकांची दोन पानं पाठवली. शेवटी वाक्य, 'मी या विमानतळावर स्वतः गेलेलो आहे, त्यामुळे अधिकारवाणीने सांगतो.' दोन पानांतली एकही चूक चूक नव्हती. तरी मी सौम्य उत्तर दिलं. धंदा आहे.

पण हे सगळे परवडले. चोर परवडत नाही.

पहिली आवृत्ती निघून वर्ष झालं नाही तोच दुसऱ्या एका नावानं त्याच विमानतळाची सीनरी विकायला आली. उघडून बघतो तर माझीच! तीच इमारत, तेच कुंपण, पार्किंगमधल्या वडाच्या झाडाची मी घाईत विसरलेली सावलीसुद्धा तशीच विसरलेली. मी तीन खेपा करून कातळावर भाजून घेतलं आणि आयत्या बिळावर हा नागोबा. दुकानाला कळवलं, तर हा पठ्ठ्या म्हणतो, मीही तिथं गेलो होतो, खरी जागा एकच असल्यावर दोन सीनऱ्या सारख्या दिसणारच. दुकानानं मला विचारलं, तुमच्याकडे पुरावा काय?

तेव्हा मला आमची कचेरी आठवली. जुन्या आरेखकांची एक पद्धत होती. मेहनतीनं काढलेल्या नकाशात कुठंतरी, कुणाला इजा होणार नाही अशा कोपऱ्यात, एक खोटी खूण ठेवायची. वाकडं झाड, नसलेली विहीर. दुसऱ्या विभागानं नकाशा उचलून आपला म्हणून पुढं केला की त्या विहिरीवर बोट ठेवायचं. खूण कुणालाही सांगायची नाही, हा नियम. आमच्या हेड ड्राफ्ट्समननी तर रिटायर होताना सांगितलं होतं की बायकोलापण सांगू नका.

दुसऱ्या आवृत्तीत मी सड्याच्या पूर्वेच्या कडेला एक पाण्याची टाकी उभी केली. तिथं घर नाही, झाड नाही, पाणी तर नाहीच. टाकी घेतली आमच्या गावची. आमचं गाव पलूसजवळ. नोकरीला लागल्यावर मी पहिला नकाशा काढला तो त्या टाकीचा. आठ खांब, बाहेरून गोल जिना, पांढरा रंग आणि वर निळा पट्टा. हौसेनं बांधली. खांबांवर पावसाच्या पाण्याचे काळे ओघळसुद्धा काढले. एवढा जीव ओतून मी त्या विमानतळावर दुसरी वस्तू बांधली नव्हती, आणि नेमकी तीच खोटी.

चार महिन्यांत चोराचीही दुसरी आवृत्ती आली. जाहिरातीत पहिलाच फोटो माझ्या टाकीचा! मी माडीवर एकटाच टाळ्या वाजवत होतो. दुकानाला कळवलं. त्यांचं उत्तर आलं की आम्ही तपासतो, तीन आठवडे लागतील, तोवर याची कुठं वाच्यता करू नका. त्याच आठवड्यात पुण्याहून कॅप्टनचं पत्र आलं. 'या खेपेस टाकी अचूक दाखवल्याबद्दल अभिनंदन. मागील आवृत्तीत ती राहून गेली होती, हे मी तेव्हाच कळवणार होतो.'

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. सगळं जग मूर्ख आणि मी एकटा शहाणा, अशा तंद्रीत मी होतो. त्याच तीन आठवड्यांत सुभेदार आले.

सुभेदार म्हणजे आमच्या शेजारच्या गावचे, फौजेतून रिटायर झालेले. पाहुण्यांच्या ओळखीनं आले होते. बरोबर मुलगी, स्नेहल. वीस-एकवीसची, केस मागं घट्ट बांधलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. एका फ्लाइंग स्कूलमध्ये पायलटचं शिकत होती.

"जय हिंद, सायेब," सुभेदार म्हणाले. "ही म्हनली, ज्यांनी इमानतळ बांधलाय त्यांच्या पाया पडायचंय. म्हनून आणली."

पुढच्या आठवड्यात तिची चाचणी होती. शाळेच्या धावपट्टीवरून उडायचं, घाट ओलांडून याच विमानतळावर उतरायचं आणि परत यायचं. शेजारी शिकवणारे सर. त्यांना पटलं तर पुढच्या खेपेला तोच प्रवास तिनं एकटीनं करायचा. तिथं ती कधीच गेली नव्हती, म्हणून महिनाभर लॅपटॉपवर माझ्या सीनरीत सराव करत होती. "दाखवू काका?" म्हणाली आणि माझ्या मशीनवर बसली.

अनेकांना मी उडवताना बघितलंय. बहुतेक जण विमानाला बैलासारखं हाणतात. ही पोर दोन बोटांनी उडवत होती. इथं उतरायची रीत थोडक्यात सांगतो. दुपारी वारा समुद्राकडून येतो, आणि उतरायचं ते वाऱ्याला तोंड देऊन. म्हणून आधी धावपट्टी डाव्या हाताला ठेवून, तिच्याशी समांतर पूर्वेकडं जायचं. योग्य जागी डावीकडं वळायचं, परत एकदा डावीकडं, की धावपट्टी समोर येते. सगळा खेळ पहिलं वळण कुठं घ्यायचं त्याचा. लवकर वळलं तर उंची उरते, उशीर केला तर समोर डोंगर.

तिनं समांतर जाताना डावीकडं मान वळवली आणि बोट दाखवलं. "काका, ही टाकी लय कामाची हाय बघा. टाकी पंखाच्या टोकामागं गेली की वळायचं. एकदाबी चुकत न्हाई."

आणि खरंच, अलगद उतरली.

सुभेदारांनी खुर्ची पुढं ओढून पडद्यावर बोट ठेवलं. "आगं, ही तर आपल्याकडल्यावानी टाकी दिसतीया! आठ खांबी."

मी म्हणालो, "सरकारी टाक्या सगळीकडं सारख्याच असतात, सुभेदार."

हे मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर निदान गप्प बसल्याचं पाप. पण मी पोरीच्या तोंडावर तिला खोटं सांगितलं, आणि ती पाया पडून गेली.

आमची शालन चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. मिरजेतल्या एका दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलेली बाई. तिच्यापुढं खोटं फार वेळ टिकत नाही. पाहुणे जिना उतरून जाताच म्हणाली, "आवं, ती आपल्या गावची टाकी न्हवं का?"

हेड ड्राफ्ट्समनचा नियम मोडून मी सगळं सांगितलं. चोर, सापळा, दुकान, तीन आठवडे. मला वाटलं कौतुक करेल.

"आन त्या पोरीला सांगितलं न्हाईसा?"

"अगं, शेजारी मास्तर असतोय तिच्या. खरं विमान काय टाकी बघून उडवतात व्हय? आणि बाहेर फुटलं तर तो चोर टाकी काढून मोकळा होईल."

"आमच्या वॉर्डात तक्त्यावर एक ताप खोटा लिवला असता, तर डॉक्टरनं त्यावरच औषध दिलं असतं. तिथं काय लिवायचं, शेजारी डॉक्टर हाय, बघून घेईल?" कप उचलून ती खाली गेली.

सुभेदारांचा नंबर माझ्याकडे होता. उद्या करू फोन, म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुकानाचं पत्र आलं, तपास शेवटच्या टप्प्यात आहे. मग म्हटलं, दोनच आठवडे तर राहिलेत. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला फाइल पुढं ढकलायला कुणी शिकवावं लागत नाही.

दहा-बारा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, बापलेक परत दारात. या वेळी जय हिंद नाही. स्नेहलच्या हातात डोळ्यांच्या दवाखान्याची फाइल होती. डोळ्यांत औषध घातलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळं माझ्याकडं बघताना पापण्या मिटत होती.

"डोळं तपासायला आणली हुती," सुभेदार खुर्चीत न बसता म्हणाले. "डॉक्टर म्हनलं, डोळं शाबूत हाईत. येकदम फस्क्लास. मग सायेब, मला येक सांगा. ती टाकी तितं हाय का न्हाई?"

मी म्हणालो, "नाही."

मग स्नेहलनं काय झालं ते सांगितलं, रिपोर्ट द्यावा तसं, क्रमानं. सगळं ठीक चाललं होतं. घाट ओलांडला, समुद्र दिसला, धावपट्टी डाव्या हाताला घेतली. मग ती टाकी शोधायला लागली. हवेत धुरकट होतं, तिला वाटलं दिसेल आता. विमान पुढं जात राहिलं. वळायची जागा गेली. सर म्हणाले, वळत का नाहीस? ती म्हणाली, टाकी आली न्हाई अजून. सर म्हणाले, कसली टाकी? समोर डोंगर मोठे व्हायला लागले होते. त्यांनी विमान स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि वळवलं. शिकणाऱ्याच्या हातातून विमान काढून घेतलं की चाचणी तिथंच संपते.

"शेऱ्यात काय लिवलंय म्हाईताय, काका?" ती म्हणाली. "'जागेवर नसलेल्या खुणा दिसत असल्याचे सांगते.' म्हणून डोळं तपासायला लावलं. आता दहा दिवसांनी मोठे सर घेणार चाचणी. ती बुडाली तर घरी जा म्हणतील. आणि माझी चूक हायच, मी धावपट्टी बघायला पायजे हुती. पण मला दिसतंय ते नसतं, असं न्हाई हो. मी शिकल्यालंच तसं."

मी त्या चोराचं सांगायला लागलो. किती मेहनत, किती खेपा, पुरावा कसा लागतो. मधेच तिनं थांबवलं. ओरडली नाही.

"त्यानं चोरली तर तुमचं नुसकान झालं, काका. मला का पकडलं त्यात?"

सुभेदार म्हणाले, "मी तितं बोट लावून इचारलं हुतं तुमाला. आपल्याकडल्यावानी टाकी म्हनलो हुतो." फौजेतला माणूस, आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. तो खालच्या आवाजात बोलत होता आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. लाज वाटली. साठीनंतर माणसाला लाज वाटली की ती पचत नाही, हे तेव्हा कळलं.

"लिहून द्या," स्नेहल म्हणाली. "टाकी खोटी हाय असं, सही करून. आणि ती काढा. आमच्या बॅचमधी आणखी पाच जणांकडं हाय ही सीनरी. त्यांनीबी टाकीच धरलीया. मीच सांगितली हुती त्यांना."

काढायची म्हणजे नवी आवृत्ती काढायची, आणि का काढली ते जाहीर लिहायचं. चोराला आयता निरोप. दुकानाचा निकाल दोन-चार दिवसांवर आला होता. मी शालनकडं बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? कागद देऊ का?"

कागद घेतला. बत्तीस वर्षं 'जागेवरील स्थितीप्रमाणे बरोबर' लिहिलेल्या हातानं लिहिलं, की सदर टाकी जागेवर अस्तित्वात नाही, ती मी स्वतःच्या फायद्यासाठी उभी केली, आणि विषय निघाल्यावरही विद्यार्थिनीला खरे सांगितले नाही. शेवटचं वाक्य तिनं सांगितलेलं नव्हतं. सही केली. सुभेदारांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि मग पहिल्यांदा खुर्चीत बसले. शालननं चहा टाकला.

दुपारीच टाकी काढली. एक बटण. उभी करायला नऊ दिवस लागले होते. जाहीर नोटीसही लावली, की या सीनरीत एक खोटी टाकी होती, सरावासाठी वापरणाऱ्यांनी ती विसरावी, चूक माझी आहे.

दुसऱ्या दिवशी चोराच्या सीनरीतूनही टाकी गेली. दुकानानं कळवलं की आता तसा पुरावा आढळत नाही, तुमच्याकडचे फोटो ग्राह्य धरता येत नाहीत, तक्रार बंद करत आहोत. तो अजून विकतोय. माझ्यापेक्षा जास्त विकतोय, कारण त्यानं समुद्र निळा केलाय.

आता गिऱ्हाइकांचं ऐका. मला वाटलं होतं, खोट्याबद्दल चार शिव्या बसतील. बसल्या, पण टाकी काढल्याबद्दल! टाकी गेल्यानं जागेचा अस्सलपणा गेला. टाकीशिवाय तो सडा ओळखूच येत नाही. एकानं सगळ्या सीनरीला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'वास्तवाशी तडजोड.' नोटीस कुणी वाचली नव्हती. वाचली त्यांनी मानली नव्हती. आणि पुण्याहून सविस्तर पत्र: 'आपण दडपणाखाली टाकी हटवल्याचे दिसते. टाकी आहे. मी स्वतः गेल्या वर्षी उतरताना खिडकीतून पाहिली आहे. निळा पट्टा थोडा फिकट आहे, एवढेच. कृपया पूर्ववत बसवावी.'

पूर्वी मी या पत्रावर महिनाभर हसलो असतो. शालनला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "त्येंनी बघितली म्हंत्यात, तुमी दाखवली हुती." आणि ती भाजी निवडत बसली.

स्नेहलची दुसरी चाचणी झाली. त्या दहा दिवसांत मी मशीनवर बसलो नाही. मोठ्या सरांनी माझा कागद वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, चल, उडवून दाखव. पास झाली. पुढं तोच प्रवास एकटीनं करून आली. हे मला सुभेदारांच्या फोनवरून कळलं. फोन करायची त्यांना काही गरज नव्हती, तरी केला.

मग सुट्टीला आली तेव्हा वडिलांबरोबर मिरजेला आली. शेतातली वांगी आणि पेढ्यांचा पुडा. पाया पडली नाही, आणि ते बरोबरच होतं. मी आपणहून म्हणालो, "बस, उडवून दाखव. आता टाकी नाही त्यात."

बसली. दोन बोटांनी विमान समांतर घेतलं. पूर्वेचा सडा मी परत मोकळा केला होता, नुसता पिवळा कातळ. मी तिच्याकडं बघत होतो. धावपट्टीवर नजर ठेवून तिनं बरोबर जागी वळण घेतलं. पण त्याआधी एकदा, निमिषभर, तिची मान डावीकडं त्या रिकाम्या कडेला वळली आणि परत आली.

विमान उतरलं. मी काही विचारलं नव्हतं. तिचं तिनंच सांगितलं, पडद्याकडं बघत, अगदी साध्या आवाजात.

"खऱ्या इमानातबी जाती, काका. टाकी न्हाई ठावं हाय, तरी नजर जाती."